मालिकेत काम करणाऱ्या अभिनेत्रीला दिग्दर्शनात यायचंय, सुरुवात कुठून करावी?

चाफेकळी

नमस्कार मंडळी. मराठी डेली सोपमध्ये काम करते. सध्याच्या मालिकेतला माझा ट्रॅक संपत आलाय आणि पुढची मालिका घेण्याआधी दिग्दर्शनाकडे वळायचं जवळजवळ ठरलंय. कॅमेऱ्यासमोरचं सगळं अंगवळणी पडलंय: मार्क (उभं राहायची खूण), लाईट, चीट लुक (कॅमेऱ्यासाठी थोडी वळवलेली नजर), सगळं. पण मास्टर (सगळा सीन एकत्र दिसणारा शॉट) झाल्यावर दिग्दर्शक 'आता ओएस, मग हिचा क्लोज' (एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा शॉट, मग हिचा चेहरा जवळून) म्हणतात ते कशाच्या आधारावर ठरवतात, हे समोर उभं राहून कळत नाही. पुण्याला एफटीआयआय या सरकारी फिल्म-टीव्ही संस्थेचा टीव्ही दिग्दर्शनाचा एक वर्षाचा कोर्स करावा, की कुणाच्या हाताखाली सहाय्यक म्हणून लागावं, की सरळ शॉर्टफिल्म करावी? आणि आधी ज्या जणी या वाटेने गेल्या त्यांनी नेमकं काय केलं? 'जिद्द ठेवा' सोडून काहीही सांगा.

जुना_प्रेक्षक

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीच्यांची उत्तरं बरीचशी त्यातच आहेत. यातली कुणीही अभिनयावरून एकदम दिग्दर्शनावर उतरलेली नाही. मध्ये एक पायरी आहे आणि ती प्रत्येकीची वेगळी आहे.

स्मिता तळवलकर घ्या. मुंबई दूरदर्शनवर बातम्या, मग १९८६ च्या सुमारास 'गडबड घोटाळा', 'तू सौभाग्यवती हो' असे सिनेमे अभिनेत्री म्हणून. त्यानंतर त्या निर्मितीत गेल्या. 'कळत नकळत' (१९८९) त्यांनी काढला, पण दिग्दर्शन कांचन नायक यांचं. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे दुसरा सिनेमा स्वतः दिग्दर्शित करायला कुणी अडवणार नव्हतं. तरी 'चौकट राजा' (१९९१) संजय सूरकरांकडे दिला. स्वतः हात घातला तो १९९३ मध्ये 'सवत माझी लाडकी'ला. दोन सिनेमांच्या तारखा, पैसे, डबिंग, प्रदर्शन सगळं सांभाळून झाल्यावर. आणि नंतरही 'तू तिथे मी' (१९९८) पुन्हा सूरकरांकडेच. दिग्दर्शन येतं म्हणून प्रत्येक सिनेमा आपणच करायचा, असा हट्ट कुठे दिसत नाही.

नीना गुप्तांचं सगळे 'सांस'पासून मोजतात (स्टार प्लस, १९९८, लेखन, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका तिन्ही त्यांचं). पण त्याआधी १९९३ मध्ये 'बाजार सीताराम' हा माहितीपट त्यांनी दिग्दर्शित केला होता आणि त्याला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. मालिकेच्या बारा तासांच्या शिफ्टला जाण्याआधी एक छोटं काम पूर्ण करून हातावेगळं केलेलं होतं, हे लक्षात घ्या.

रेणुका शहाणेंना 'सर्कस' आणि 'सुरभि'मुळे घराघरात ओळखत होते. पहिला सिनेमा 'रीटा' (२००९), आईच्या, म्हणजे शांता गोखले यांच्या 'रीटा वेलिणकर' कादंबरीवरचा. दुसरा 'त्रिभंग', तो थेट २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर. मध्ये बारा वर्षं. संहिता स्वतःची असली की दिग्दर्शकाच्या खुर्चीवरून कुणी उठवत नाही, पण निर्माता मिळेपर्यंत थांबायची तयारी लागते. त्या काळात घर कशावर चालणार याचं उत्तर अभिनय हेच आहे, म्हणून तो सोडू नका.

मृणाल कुलकर्णींचं उदाहरण मला सगळ्यात रंजक वाटतं. दूरदर्शनच्या 'स्वामी'त त्या रमाबाई होत्या. 'प्रेम म्हणजे प्रेम म्हणजे प्रेम असतं' (२०१३) करून झाल्यावर २०१४ मध्ये 'रमा माधव' दिग्दर्शित केला, त्यात रमा पर्ण पेठेला दिली आणि स्वतः गोपिकाबाई झाल्या. जो काळ, जी भाषा, जी वेशभूषा तोंडपाठ, तोच विषय.

सीमा पाहवा 'हम लोग'मधल्या बडकी. त्यांचा 'रामप्रसाद की तेरहवी' १ जानेवारी २०२१ ला थिएटरात आला. मृण्मयी देशपांडेचा 'मन फकीरा' ६ मार्च २०२० ला लागला आणि आठवड्याभरात थिएटरं बंद झाली. त्यावर कुणाचाच इलाज नव्हता, पण पहिल्या सिनेमाचं गणित एकट्या तिकीटखिडकीवर बांधू नये हे त्यातून घ्यावं.

तुमच्याकडे निर्मितीचा माणूस आहे, की संहिता आहे, की पाठ असलेला विषय आहे, ते आधी बघा.

तिसरा_कॅमेरा

वरचं सगळं मान्य, पण ताईंचा खरा प्रश्न शॉट कसा ठरतो हा आहे. त्यावर बोलतो.

सीन पेपर (त्या सीनची लिखित संहिता) हातात आला की दोनच गोष्टी विचारायच्या: बातमी कुणाकडे आहे, आणि तिचा फटका कुणाला बसतो. कॅमेरा बहुतेक वेळा फटका बसणाऱ्याचा. डेलीत बोलणाऱ्यावर कॅमेरा ठेवायची सवय लागते, कारण संवाद ऐकू येणं तिथे सगळ्यात महत्त्वाचं. पोळ्या लाटता लाटता मालिका 'ऐकणारा' प्रेक्षक मोठा आहे.

उदाहरण म्हणून डायनिंग टेबलचा सीन घेऊ, कारण प्रत्येक मालिकेत तो आठवड्याला एकदा असतोच आणि नवीन दिग्दर्शक तिथेच अडकतो. पाच माणसं. सून सांगते की नोकरी सोडली. सासू ऐकते आणि काही न बोलता वाढत राहते. सीन सासूचा. म्हणून रेषा (दोघींना जोडणारी काल्पनिक रेघ, कॅमेऱ्यांनी ती ओलांडायची नसते) सून आणि सासू यांच्या मधली. तीनही कॅमेरे त्या रेषेच्या एकाच बाजूला. टेबलाची एक बाजू रिकामी ठेवून सगळ्यांना तीन बाजूंना बसवतात ते याच्यासाठी. पहिल्या रनला कॅमेरा एकवर ३५ ची (रुंद दाखवणारी) लेन्स, टेबलाच्या टोकावरून सगळ्यांचा मास्टर. दोनवर ८५ (जवळून दाखवणारी), सासू. तीनवर सून. दुसऱ्या रनला एकचा मास्टर सोडून द्यायचा आणि तो कॅमेरा मुलगा, सासरे, नणंद यांच्या रिॲक्शनवर फिरवायचा. नणंद जर कॅमेऱ्याकडे पाठ येईल अशी बसली असेल तर तिची खुर्ची अर्धा फूट बाहेर ओढून चीट करा. पण मास्टरमध्ये ती जागा दिसली असेल तर मागचं शोकेस सरकल्यासारखं दिसतं, म्हणून खुर्ची हलवायची तर मास्टरच्या आधी.

सून एका टप्प्यावर उठून स्वयंपाकघराकडे गेली की जुनी रेषा मोडली. आता उभी सून आणि बसलेली सासू अशी नवीन रेषा. ती मोडताना कॅमेरा तिच्यासोबत पॅन झालेला एक तरी शॉट हवा, नाहीतर पुढच्या कटला दोघी एकाच दिशेला बघताना दिसतात. सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

खाण्याची कन्टिन्युइटी (एका शॉटमधलं सगळं पुढच्या शॉटशी जुळणं) वेगळी. घास कोणत्या शब्दावर तोंडात जातो ते सीन पेपरवर लिहून ठेवायचं आणि प्रत्येक टेकला तिथेच. नट जेवढे लहान घास घेतील तेवढं बरं. तरी सहा टेक धरले तर प्रत्येक ताटाला तीन-चार वेळा भरण्याइतकं अन्न मागवून ठेवा. वरणभात लाईटखाली अर्ध्या तासात सुकतो, वरून कोमट पाणी शिंपडायला लागतं. पेल्यातल्या पाण्याची पातळी कळावी म्हणून कॅमेऱ्याकडून न दिसणाऱ्या बाजूला चिकटपट्टीची खूण करतात. पापड ताटात ठेवूच नका. तो मोडल्याचा आवाज समोरच्याच्या वाक्यावर पडला की ते वाक्य गेलं.

आता वेळ. नऊ ते नऊची शिफ्ट. पहिला शॉट दहाच्या आत लागला तर नशीब, जेवणाचा तास, म्हणजे हातात दहा तास. अर्ध्या तासाच्या स्लॉटला जाहिराती सोडून साधारण २० ते २२ मिनिटं लागतात आणि ती रोज एक एपिसोड या वेगाने निघायला हवीत. सात-आठ सीन धरले तर एका सीनला सव्वा तास. त्यातली २५-३० मिनिटं लाईटदादा घेणार. उरलेल्या पाऊण तासात रिहर्सल, मास्टर आणि सगळे क्लोज. म्हणून डेलीचा दिग्दर्शक एकाच दिशेचे सगळे सीन एकत्र काढतो. दिवाणखान्याची सोफ्याकडची बाजू एकदा उजळली की तीन सीनमधले त्या दिशेचे शॉट सलग होतात, कपडे बदलत बदलत. तुम्हाला समोरून हे गोंधळाचं वाटतं, पण कॉल शीट आणि सीन पेपर शेजारी ठेवून बघितलं की सगळं उलगडतं.

कोर्सबद्दल: एफटीआयआयच्या त्या कोर्सला पदवी आणि प्रवेश परीक्षा दोन्ही लागतात आणि वर्षभर पुण्यात राहावं लागतं, मालिका करत करत होत नाही. तिथे शिस्तीत शिकवतात, प्रश्नच नाही. पण तुम्हाला ज्याची कमतरता आहे ते (कव्हरेज, म्हणजे एकाच सीनचे वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेले शॉट, आणि एडिट) सेटवरही मिळू शकतं, आणि ज्या दिवशी तुमचे सीन नाहीत त्या दिवशी फुकट मिळतं. सहाय्यकांमध्ये कन्टिन्युइटीची जागा मागा. मंगळसूत्र आत की बाहेर, पदर कोणत्या खांद्यावर, दार उघडं की बंद, हे लिहिता लिहिता शॉट कसे जुळतात ते डोक्यात बसतं. अडचण एकच, ती पदाची. काल ज्या सेटवर तुमच्यासाठी खुर्ची यायची तिथे आज क्लॅपची पाटी घेऊन उभं राहायचं. स्पॉटदादा तरीही खुर्ची आणतील, बसू नका.

आणि पहिली संधी बहुतेक वेळा सेकंड युनिटमधून येते. एपिसोडची बँक (आधी शूट करून ठेवलेले एपिसोड) संपली, महाएपिसोड डोक्यावर आला की प्रॉडक्शन दोन युनिटं लावतं. मंगळागौरीचं मोंटाज, लग्नातली गर्दी, हातांचे-पायांचे इन्सर्ट काढायला कुणीतरी लागतं आणि ते आदल्या रात्री ठरतं. त्या वेळी ईपीच्या (एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरच्या) डोक्यात तुमचं नाव असायला हवं. म्हणून इच्छा आताच बोलून ठेवा, ट्रॅक संपल्यावर कशाला?

एडिटटेबल

तिसरा_कॅमेरा यांच्याशी नव्वद टक्के सहमत. दहा टक्के नाही, ते शेवटी.

अभिनयातून आलेल्या दिग्दर्शकांचं फुटेज एडिटला आलं की काही गोष्टी हमखास दिसतात. परफॉर्मन्स उत्तम असतो. पण संवाद संपला की लगेच 'कट'. शेवटच्या शब्दानंतर तीन-चार सेकंद कॅमेरा चालू हवा. नट त्या वेळात भूमिकेतून बाहेर येत नाही आणि सगळ्यात कामाचा चेहरा अनेकदा तिथेच मिळतो. तसंच 'ॲक्शन'च्या आधी दोन सेकंद. सीनमधून कुणी बाहेर जात असेल तर ती व्यक्ती फ्रेमबाहेर गेल्यावर रिकामी फ्रेम क्षणभर धरा, नाहीतर पुढच्या जागेवर उडी मारता येत नाही.

दुसरं, टेक निवडताना रडणं कोणत्या टेकला खरं आलं तेवढंच पाहिलं जातं. त्या टेकमध्ये अश्रू डाव्या गालावर, काजळ उतरलेलं, आणि आधीच्या शॉटमध्ये चेहरा कोरडा. असा टेक ठेवायचाच असेल (ठेवावाच) तर मध्ये घालायला काहीतरी घेऊन ठेवा: ऐकणाऱ्याचा चेहरा, हातातली किल्ली, काहीही. बिनसंवादाच्या रिॲक्शन वेगळ्या मागून घ्या, प्रत्येक पात्राच्या वीस-वीस सेकंद. सेटवर हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. एडिटला त्यावरच सीन उभा राहतो.

तिसरं, ओव्हरलॅप. भांडणाच्या सीनमध्ये नट एकमेकांच्या वाक्यावर चढतात, खरं वाटतं म्हणून दिग्दर्शक खूष. पण क्लोजमध्ये चढलेलं वाक्य दुसऱ्या टेकमधून कापून लावता येत नाही. मास्टरमध्ये चढू द्या, क्लोजमध्ये मध्ये श्वासाइतकी जागा सोडा. भांडण आम्ही टेबलावर जवळ आणतो.

चौथं, रूम टोन. जागा बदलण्याआधी सगळ्यांना गप्प करून ३० सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करायची, पंखा, फ्रीज जसे सीनमध्ये होते तसेच. हे कुणीही लक्षात ठेवत नाही.

घरी करण्यासारखा अभ्यास: तुमच्याच मालिकेचा सीन पेपर शूटच्या आदल्या दिवशी घ्या आणि त्यावर तुमचं शॉट डिव्हिजन लिहा. शूटला प्रत्यक्ष काय घेतलं ते शेजारी लिहा. एपिसोड लागला की आवाज बंद करून तिसऱ्या रकान्यात कट लिहा: किती सेकंदाला कट, कुणाच्या चेहऱ्यावर, का. महिनाभर आठवड्याला दोन सीन असे केले तरी पुरे. घेतलेल्या शॉटपैकी किती वापरलेच नाहीत हे दिसू लागतं आणि पुढच्या वेळी काय घेऊ नये ते कळतं.

आता ते दहा टक्के. डेलीत वेग येतो, पण सवयीही लागतात. संहिता, पात्रांचा लुक, ट्रॅक कुठे वळणार हे सगळं चॅनल आणि क्रिएटिव्ह टीमकडे. दिग्दर्शकाकडे फक्त आजचे आठ सीन. प्रत्येक शांततेखाली पार्श्वसंगीत येणार हे माहीत असतं, म्हणून शांतता नीट घ्यायची सवयच राहत नाही. त्याच हाताने शॉर्टफिल्म केली की पहिला कट बघताना घशाला कोरड पडते: सगळीकडे चेहरे, जागा कुठेच नाही. वर्षभर डेलीचं दिग्दर्शन करण्याआधी दहा मिनिटांची एक शॉर्टफिल्म करून घ्या, असं माझं स्पष्ट मत.

तिसरा_कॅमेरा

शॉर्टफिल्म आधी हे ठीक, पण सेटवर तीस-चाळीस माणसं आपल्याकडे बघून उभी आहेत आणि पाच मिनिटांत निर्णय द्यायचाय, हे शॉर्टफिल्म शिकवत नाही. त्यासाठी डेलीच. जुना_प्रेक्षक यांनी नीना गुप्तांचा क्रम दिलाय, आधी माहितीपट आणि मग मालिका, त्यावर आपली तडजोड करू या.

चाफेकळी

सगळ्यांचे मनापासून आभार, सीन पेपर आजपासूनच जमवायला लागते. शॉर्टफिल्मचं ठरतंय. बारा मिनिटांची, दोन दिवसांची, घाटकोपरला एका नातेवाइकांच्या फ्लॅटमध्ये. आई आणि नऊ वर्षांची मुलगी, बाकी कुणी नाही. आईची भूमिका मीच करायची म्हणते, दुसरी अभिनेत्री घ्यायला पैसे नाहीत. परवानग्या वगैरे काय लागतात? आणि स्वतःच काम करत दिग्दर्शन जमतं का?

कॉलटाइम

प्रॉडक्शनची बाजू मी सांगते. सगळ्यात आधी तुमचा मालिकेचा करार काढा आणि एक्सक्लुझिव्हिटीचं कलम वाचा. काही करारांत मालिका चालू असताना दुसरीकडे 'पडद्यावर दिसायला' बंदी असते, त्यात शॉर्टफिल्मही येते. दिग्दर्शनाला बहुधा हरकत नसते, अभिनयाला असते. प्रॉडक्शन हाऊसकडून ना-हरकत ईमेलवर घ्या. तोंडी 'हो हो, कर की' याला काही अर्थ नाही.

संहिता पूर्ण झाली की स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा, ऑनलाइन होतं. दुसऱ्याच्या कथेवर असेल तर लेखी हक्क घ्या, महोत्सवाला पाठवताना तो कागद मागतात.

मुलीबद्दल गंभीरपणे घ्या. बालकलाकाराकडून काम करून घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. घाटकोपर मुंबई उपनगर जिल्ह्यात येतं, त्यामुळे वांद्रे पूर्वेचं कार्यालय. नियम २०१७ पासूनचे: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, पालकांची संमती, शाळा बुडू द्यायची नाही, आणि मानधनातली किमान २० टक्के रक्कम तिच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. 'शॉर्टफिल्म आहे, कोण विचारतंय' असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. शिवाय हे पाच तास तुमच्या वेळापत्रकाचा कणाच ठरवतात. तिचा कॉल दुपारी ठेवू नका, जेवणानंतर मुलं ढेपाळतात. सकाळी आठ ते एक तिचे सगळे शॉट, मध्ये अर्धा तास खेळायला. तिच्या क्लोजला तुम्ही समोर बसा. तुमच्या क्लोजला ती नसली तरी चालेल. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर स्टँडला टेप लावून लुक द्या.

फ्लॅटसाठी मालकाची संमती पुरत नाही, सोसायटीच्या कमिटीचं लेखी एनओसी हवं. लिफ्टमधून सामान नेण्याची वेळ, पार्किंगला टेम्पो कुठे, रात्री किती वाजता पॅकअप, हे त्यात लिहून घ्या. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी भेटून या, कुकरच्या शिट्ट्यांच्या वेळा कळतात. बाहेर रस्त्यावर एक जरी शॉट असेल तर तो वेगळा विषय. चित्रनगरीच्या एक खिडकी व्यवस्थेतून अर्ज करता येतो. स्टेशन किंवा लोकल असेल तर रेल्वेची परवानगी निराळी, आणि तिच्यासाठी ताटकळावं लागतं. सोपा उपाय: रस्त्याचा शॉट काढूनच टाका.

वीज: घरगुती १६ अँपिअरच्या एका पॉइंटवर साडेतीन किलोवॉटच्या वर जायचं नाही. एलईडी लाईट घेतले तर बारा मिनिटांच्या घरगुती सीनला दीड-दोन किलोवॉट पुरतात. त्याच लाईनवर एसी किंवा गीझर लागला की फ्यूज गेलाच.

आवाज हा घाटकोपरचा खरा ताप. पूर्वेकडून विमानतळावर उतरणारी विमानं त्याच भागावरून खाली येतात. दर काही मिनिटांनी टेक थांबवत बसलात तर दोन दिवसांचे तीन होतील. विमान आलं तरी टेक पूर्ण करा आणि तो सेटअप संपल्यावर कॅमेरा बंद ठेवून तेवढीच वाक्यं त्याच जागी, त्याच माईकवर, त्याच लयीत पुन्हा रेकॉर्ड करा. मुलीच्या बाबतीत तर हे लगेचच करा. महिन्याभराने डबिंग स्टुडिओत उभं केलं की नऊ वर्षांच्या मुलीचा तो सूर परत येत नाही. पावसाळा टाळा. जून ते सप्टेंबर खिडकीवरच्या पत्र्याचा आवाज कुठल्याही फिल्टरने जात नाही.

माणसं: छायालेखक आणि त्याचा एक सहाय्यक, साउंडला एक (बूम, म्हणजे माईकची काठी, धरायला दुसरा असला तर उत्तम), असोसिएट (दिग्दर्शकाचा मुख्य सहाय्यक), कन्टिन्युइटी, मेकअप-हेअर, दोन लाईटदादा, एक स्पॉटदादा, आणि मुलीसोबत एक जबाबदार बाई, जिला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही. जेवण दहा-बारा ताटांचं धरा. शॉर्टफिल्ममध्ये लोक कमी पैशांत येतात, तेव्हा निदान जेवण वेळेवर आणि गरम द्या.

तिसरा_कॅमेरा

स्वतः काम करत दिग्दर्शन जमतं, पण असोसिएट चांगला हवा. 'छान झालं' म्हणणारा नको. दुसऱ्या ओळीवर तुम्ही मुलीकडे न बघता दिग्दर्शकासारखं तिला तपासत होतात, हे तोंडावर सांगणारा हवा. अभिनेत्री-दिग्दर्शकाचा नेमका हाच दोष कॅमेऱ्यात दिसतो: समोरच्याचं वाक्य ऐकताना ओठ हलतात, कारण संवाद पाठ असतात आणि मन टेकवर असतं.

ब्लॉकिंग आणि लाईटसाठी तुमच्या उंचीची, तुमच्याच साडीच्या रंगाचे कपडे घातलेली स्टँड-इन ठेवा. उंचीत दोन इंचांहून जास्त फरक असला तर फोकस आणि लाईट दोन्ही पुन्हा करावे लागतात. तुम्ही मॉनिटरमागून फ्रेम नक्की करा, मग जागेवर जा. प्रत्येक टेक प्लेबॅकवर बघू नका. दोन मिनिटांचा टेक बघायला दोन मिनिटं, उठून येणं, टचअप, परत मार्कवर जाणं धरून सहा मिनिटं जातात. एका सेटअपला एकच प्लेबॅक, तोही असोसिएट 'ओके' म्हणाला की.

आणि तुमचे क्लोज शेवटाला ढकलू नका. मुलीचे पाच तास संपले की लगेच तुमचे, त्याच दुपारी. स्वतःचं कव्हरेज मागायला दिग्दर्शिकेला संकोच वाटतो, 'माझा एकच घ्या, चालेल' म्हणून मोकळी होते, आणि एडिटला आईचा चेहराच नसतो. शॉट लिस्टवर स्वतःचं नाव न लिहिता 'आई' लिहा, म्हणजे असोसिएट त्याच कडकपणे वसूल करेल.

एडिटटेबल

डेटाचं राहिलं. बारा मिनिटांच्या फिल्मला दहापट फुटेज धरलं तर दोन तास. फोर-के, २५ फ्रेम, प्रोरेस ४२२ एचक्यू या फॉरमॅटमध्ये तासाला साधारण ३३० जीबी, म्हणजे सगळं मिळून ६६० जीबीच्या आसपास. एक टीबीच्या तीन हार्ड डिस्क घ्या: एक एडिटकडे, एक तुमच्या घरी, एक निर्मात्याकडे. तिन्ही एकाच बॅगेत, एकाच टॅक्सीत न्यायच्या नाहीत. कार्ड फॉरमॅट करायचा अधिकार एकाच माणसाला द्या, आणि तोही दुसऱ्या डिस्कवरच्या दोन-तीन क्लिप उघडून बघितल्यावर. सेटवर तुम्ही साडीत, मेकअपमध्ये, संवाद पाठ करत असणार, तो माणूस तुम्ही नसाल हे आधीच ठरवून टाका.